दूरध्वनीच्या प्रयोगशाळेतील मानसशास्त्रज्ञ

बोधनिक मानसशास्त्राची डॉक्टरेट संपादन करणाऱ्याचे योग्य स्थान म्हणजे विद्यापीठातील अध्यापकपद, आणि उद्योगसंस्थेत गेलेला पदवीधर हा विद्येस अंतरला, अशी समजूत विद्यापीठीय वर्तुळांत रूढ आहे. या शाखेचा अमेरिकेतील इतिहास तिला पुष्टी देत नाही.

शाखेचे नाव रूढ झाले ते उल्रिक नायसर यांच्या १९६७ मधील ग्रंथामुळे. तत्पूर्वीच, १९४५ साली, शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर जॉन कार्लिन बेल दूरध्वनी प्रयोगशाळेत दाखल झाले होते. १९६३ मध्ये प्रचारात आलेल्या बटणांच्या दूरध्वनीवर अंक कोणत्या क्रमाने मांडावेत, याचा निर्णय तेथे माणसांवर प्रयोग करून घेण्यात आला. येलचे डॉक्टर रॉजर शेपर्ड १९५८ मध्ये तेथेच आले. माणसांना कोणत्या गोष्टी परस्परसदृश वाटतात, एवढ्यावरून त्या गोष्टींचा जणू नकाशा काढण्याची त्यांची पद्धती १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. ते १९६६ पर्यंत तेथे होते. हार्वर्ड व स्टॅनफर्ड येथील प्राध्यापकपदे त्यानंतरची. वाट दोन्ही दिशांनी चालू होती. स्टुअर्ट कार्ड यांनी तर झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात चार वर्षे काम केल्यावर, १९७८ मध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. संगणकाच्या माउसवरील त्यांचे प्रयोग त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र शब्दांचे आहे. हार्वर्डचे १९६० चे डॉक्टर टॉमस लँडावर आणि इंडियाना विद्यापीठाच्या १९७९ च्या डॉक्टर सुझन डुमे हे दोघे बेल प्रयोगशाळेत व, १९८४ मध्ये बेल कंपनीचे विभाजन झाल्यावर, बेलकोर या संस्थेत एकत्र होते. संगणकाला आज्ञा देताना वापरणाऱ्यास नेमका रचनाकाराच्या मनातील शब्द सुचावा लागे. तो सहसा सुचत नसे. एकाच वस्तूस वा क्रियेस दोन माणसे आपण होऊन एकच नाव देतील याची संभाव्यता, त्यांनी तपासलेल्या प्रत्येक क्षेत्रात, ०.२० हून कमी आढळली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष ग्रंथालयाच्या विषयसूचीत 'शेतसारा' शोधून 'जमीन महसूल' न सापडलेल्या वाचकास नवा वाटणार नाही. उपाय म्हणून, शब्द कोणकोणत्या मजकुरांत येतात यावरून त्यांची अर्थसमीपता गणिताने काढण्याची पद्धती त्यांनी व सहकाऱ्यांनी सिद्ध केली. तिचे विवेचन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रश्न व्यवहाराचा, निधी कंपनीचा. तरी तो तेवढ्यावर थांबला नाही. मूल थोड्या अनुभवातून एवढे शब्द कसे शिकते, या जुन्या कोड्यास त्याच पद्धतीने उत्तर देता येईल, असे प्रतिपादन लँडावर व डुमे यांनी १९९७ मध्ये 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात केले.

या मार्गास किंमत नव्हती असे नव्हे. बेलमधील मोकळीक मक्तेदारीच्या उत्पन्नावर पोसलेली होती, आणि कंपनीचे विभाजन झाले ते न्यायालयीन दाव्यातून. संशोधकांची सोय पाहून नव्हे. अध्यापकास आपला प्रश्न निवडता येतो, नोकरास बहुधा तो दिला जातो. १९९७ चा तो लेख प्रसिद्ध झाला तेव्हा लँडावर कोलोरॅडो विद्यापीठात परतले होते. डुमे त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या संशोधनविभागात रुजू झाल्या.