पडद्यावरचा दात आणि खुर्चीतला रुग्ण

दंतवैद्यकाचे शिक्षण निम्मे ग्रंथांतून, तर निम्मे हातांतून होते. विद्यार्थी प्रथम ‘फँटम हेड’ या कृत्रिम डोक्यात बसविलेल्या दातांवर कोरण्याचा सराव करतो आणि मगच रुग्णाकडे वळतो. संगणक या सरावाच्या जोडीला आला. २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाल्यावर तर त्याच्यावर बरीच भिस्त ठेवावी लागली. साहजिकच अशा सॉफ्टवेअरची पारख कशी करावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पहिली कसोटी साधी, पण निर्णायक आहे. भारतात दातांना एफडीआय या जागतिक दंत महासंघाच्या दोन अंकी पद्धतीने क्रमांक देतात. पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो, दुसरा दात. त्यानुसार १६ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली दाढ. अमेरिकी पद्धतीत मात्र १६ हा वरच्या डाव्या अक्कलदाढेचा क्रमांक! परदेशी सॉफ्टवेअर घेताना हे तपासले नाही, तर विद्यार्थी चुकीचा दात घोकेल.

दुसरी कसोटी रुग्णाची. भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसाकाठचे गाव मुंबईकरांना गरम पाण्याच्या कुंडांमुळे परिचित आहे. अशा गावातून मुंबईच्या दंत महाविद्यालयात येणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या तोंडात मिश्री, सुपारी वा गुटख्याच्या खुणा असू शकतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. व्यसन मात्र सुटलेले नाही. सुपारीमुळे गालांची आतली त्वचा ताठर होऊन ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ जडतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या रुग्णाच्या तोंडात दोनही मावेनाशी होतात. पुढे कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच. पडद्यावरचे तोंड मात्र सदैव पूर्ण उघडे! हा विकार ज्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, ते येथे अपुरेच म्हणावे लागेल.

‘सिमोडॉन्ट’सारख्या यंत्रांत हाताला दाताचा कठीणपणा आणि किडीचा मऊपणा जाणवतो. सोय मोलाची, पण महागडी.

विद्यार्थ्यांना ‘आवडले का?’ एवढेच विचारून गुणवत्ता कळत नाही. बहुपर्यायी चाचणीतून पाठांतर तेवढे दिसते. त्यापेक्षा एका गटाला नेहमीचा सराव आणि दुसऱ्याला त्याऐवजी तितकेच तास सॉफ्टवेअर द्यावे. नंतर दोघांनी कोरलेले दात, कोण कोणत्या गटातील हे न सांगता, परीक्षकासमोर ठेवावेत. पोकळीची खोली योग्य आहे का, शेजारच्या दाताला ओरखडा गेला का, हे त्याने पाहावे. काही महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी; विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात ती कधीच नसते.