फिंडा म्हणजे परत

लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना आफ्रिकेच्या सफारीचे आता फारसे अप्रूप राहिलेले नाही. शब्दही परका नाही. अरबीतला 'सफर' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि समुद्रमार्गे स्वाहिलीत जाऊन 'सफारी' झाला. मात्र खाजगी अभयारण्यांच्या माहितीपत्रकांत हल्ली एक वाक्य हमखास असते: तुमच्या पैशांतून वन्यजीव वाचतात. हे कितपत खरे? त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील फिंडा या एकाच जागेचा इतिहास पाहू. 'फिंडा' हा झुलू शब्द. त्याचा अर्थ पुन्हा, परत.

परत यायचे तर आधी काहीतरी गेलेले असावे लागते. इथून बरेच काही गेले होते. १९१३च्या जमीन कायद्याने कृष्णवर्णीयांना देशाच्या जेमतेम ७ टक्के जमिनीपुरते बांधून टाकले. पुढच्या काळात अनेक झुलू कुटुंबांना पिढीजात जमिनी सोडाव्या लागल्या. जनावरांचेही तेच झाले. त्सेत्से माशीमुळे गुरांना नागाना नावाचा रोग होई. जंगली प्राण्यांच्या रक्तावर ही माशी जगते, म्हणून झुलूलँडमध्ये सरकारी मोहिमा काढून हजारो प्राणी मारले गेले. उरलेल्या रानात गोऱ्या शेतकऱ्यांची गुरे चरू लागली, अननसाची शेती झाली, शिकारीही झाल्या. सिंह आणि चित्ते तर केव्हाच नाहीसे झाले.

१९९०मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले. देशाचे पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच सुमारास डेव्ह वार्टी आणि त्यांच्या भागीदारांनी भांडवल जमवून इथली थकलेली शेते विकत घेतली. वार्टी कुटुंबाला या धंद्याचा अनुभव होता. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाशेजारच्या लोंडोलोझी या शिकारीच्या जागेचे त्यांनी सत्तरच्या दशकात पर्यटकांच्या मुक्कामात रूपांतर केले होते. १९९१मध्ये फिंडा सुरू झाले. ती कंपनी आज 'अँड बियाँड' नावाने ओळखली जाते.

याच वर्षी झालेला एक कायदा इथे महत्त्वाचा आहे. भारतात जंगलातला वाघ कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र १९९१च्या कायद्याने, जमिनीला पुरेसे कुंपण असल्याचा दाखला मिळाला की आतल्या वन्यप्राण्यांवर जमीनमालकाची मालकी टिकते. त्यामुळे गुरांऐवजी गवे, गेंडे पाळणे हिशेबात बसू लागले. गणित साधे होते. खोल्या मोजक्या ठेवायच्या, दर भरमसाट लावायचा आणि त्यातून कुंपण, रक्षक, पशुवैद्य, पगार भागवायचे. पाहुणे थोडे असल्याने रानावरचा ताणही कमी.

प्राणी परतले. १९९२पासून सिंह आणि चित्ते आणून सोडले गेले, ते रुळले, त्यांना पिल्ले झाली. अर्थात कुंपणातले रान ते कुंपणातलेच. चित्त्यांची संख्या वाढली की जागा पुरत नाही आणि रक्ताच्या नात्यात प्रजनन होण्याचा धोका असतो. म्हणून एका अभयारण्यातले चित्ते दुसरीकडे हलवत राहावे लागते.

अशाच हलवाहलवीतून फिंडाचा धागा भारताशी जुळला. फेब्रुवारी २०२३मध्ये मध्य प्रदेशातील कुनोसाठी दक्षिण आफ्रिकेहून जे १२ चित्ते आले, त्यांतले तीन फिंडात विलगीकरणात ठेवलेले होते. कोल्हापूरकरांना आफ्रिकन चित्ता नवा नाही. संस्थानाच्या काळात तिथे काळविटाच्या शिकारीसाठी असे चित्ते पाळत, आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. या वेळी ते शिकारीसाठी नव्हे, वसण्यासाठी आले. ते सोपे नाही. फिंडाहून आलेली मादी दक्षा मे २०२३मध्ये मीलनाच्या वेळी नरांच्या हल्ल्यात मेली.

आता माणसांकडे वळू. लोकशाही आल्यावर १९९४च्या कायद्याने, १९ जून १९१३नंतर जमीन हिरावली गेलेल्यांना ती परत मागण्याचा हक्क दिला. माखासा आणि म्नकोबोकाझी या शेजारच्या समाजांनी फिंडाच्या जमिनीवर दावा लावला. २००७मध्ये सुमारे ९,००० हेक्टर जमीन त्यांच्या नावावर झाली. त्यांनी तिथे नांगर घातला नाही, कुंपणही पाडले नाही. तीच जमीन त्यांनी ७२ वर्षांच्या कराराने कंपनीला भाड्याने दिली. म्हणजे त्या भागात आलिशान मुक्काम चालवणारी कंपनी आता भाडेकरू आहे आणि जमीनमालक आहेत झुलू गावकरी.

माझ्या मते फिंडाच्या इतिहासातली खरी घटना हीच. कुंपणाबाहेरच्या माणसाला आतल्या गेंड्याचा काहीच उपयोग नसेल, तर रक्षक किती पुरे पडणार? गेंड्याच्या शिंगाला काळ्या बाजारात प्रचंड भाव आहे. दक्षिण आफ्रिकेत २००७मध्ये १३ गेंडे चोरट्या शिकारीत मारले गेले होते, २०१४मध्ये तो आकडा १,२१५वर गेला. जमिनीचे भाडे आणि घरातल्या कोणाचा तरी पगार रानातून येत असेल, तर त्या शेजाऱ्याला रान टिकण्यात रस उरतो.

पण हे सगळे विमानाने येणाऱ्या पाहुण्यांवर उभे आहे. २०२०मध्ये कोविडने विमाने थांबवली तेव्हा पर्यटनाचे उत्पन्न आटले. सिंहांना आणि रक्षकांना मात्र सुट्टी नव्हती. एकाच उत्पन्नावर अवलंबून असलेले संवर्धन किती नाजूक, हे तेव्हा दिसले.

म्हणून उद्या तुम्ही अशा सफारीचे आरक्षण कराल तेव्हा सिंह नक्की दिसेल का, हे जरूर विचारा. पण त्याच ईमेलमध्ये आणखी तीन प्रश्न घाला: ही जमीन आज कोणाच्या नावावर आहे? आधी तिथे कोण राहत होते? त्यांना दरवर्षी काय मिळते? चांगल्या जागेकडे या तिन्हींची उत्तरे तयार असतात.