गंजिफ्यातला गुलाम आणि नवव्या रंगातला बुद्ध

भौमितिक अमूर्त चित्रकला म्हटले की आपल्याला युरोपचे दाखले दिले जातात. मालेविचने १९१५ साली काळा चौकोन मांडला, मोंद्रियानने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि जगाला आकारांची भाषा कळली, असे शिकवले जाते. आमचा प्रश्न साधा आहे. त्याच्या कितीतरी आधी आमच्या सिंधुदुर्गात, सावंतवाडीत, बोटभर गोल पत्त्यावर वर्तुळे, आयत आणि दोन-चार फटकाऱ्यांची माणसे रंगवणारे चितारी कारागीर या इतिहासात कुठे आहेत?

गंजिफा हा खेळ इराणी-मोगल वाटेने आपल्याकडे आला. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. पुढे दख्खनेत त्याचे दोन प्रकार रुजले. चंगकांचनी म्हणजे आठ रंगांचे ९६ पत्ते आणि दशावतारी म्हणजे दहा रंगांचे १२० पत्ते. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकड्यांचे पत्ते असतात. प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी निराळी असते. पाठ मात्र सगळ्यांची सारखी, म्हणजे समोरच्याच्या हातात काय आहे ते कळू नये.

चंगकांचनीचे आठ रंग पाहा: मुकुट, रुपेरी नाणे, तलवार, गुलाम, चंग हे वाद्य, सोन्याचे नाणे, हुकूमनामा आणि व्यापारी माल. ही देवादिकांची यादी नव्हे. दरबार, खजिना, लष्कर, कचेरी, बाजार आणि राबणारा माणूस असा त्या काळचा सगळा रोजचा व्यवहार तिच्यात आहे. हा व्यवहार बोटभर जागेत, एकदा नव्हे तर दहा-दहा वेळा रंगवायचा, म्हणून कारागिराने त्याचा गाभा तेवढा ठेवला. नाण्याचे वर्तुळ झाले, हुकूमनाम्याचा आयत झाला.

सावंतवाडीत दरबारी आणि बाजारी अशा दोन कलमी होत्या. दरबारी पत्त्याला नक्षीदार किनार असे. बाजारी पत्ता साधा, स्वस्त आणि झरझर रंगवलेला. आमच्या मते अमूर्ततेचे धाडस बाजारी पत्त्यातच जास्त आहे. श्रीमंताच्या पत्त्यात तपशील विकला जातो. गरिबाच्या पत्त्यात खूण ओळखता आली की पुरे. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवणे, घोटणे, गोल कापणे, रंगवणे, लाखेची झिलई देणे, हे सगळे हातांनीच व्हायचे. तरी जुन्या संचांवर या हातांची सही सहसा सापडत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवून दिले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. ज्याचा हात चालतो त्याला कारागीर म्हणायचे आणि विचार करणारा कलावंत दुसऱ्या कुठल्या तरी वर्गातून यायचा, ही त्याच विभागणीची कलेतली आवृत्ती आहे.

आता खेळाचे नियम पाहू. निम्म्या रंगांत दश्शा मोठा आणि एक्का लहान. उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शा लहान. म्हणजे खालच्यांची आपापसातली उतरंड उलटते. पण राजा आणि प्रधान? कुठल्याही रंगात ते वरच. खालचे एकमेकांच्या वर-खाली होत राहतात, माथा हलत नाही. श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

कुणी म्हणेल, खेळातही जात शोधता का? आम्ही शोधत नाही, ती तिथे आहे. समाज ज्या रचनेत जगतो तीच रचना तो करमणुकीतही मांडतो.

दशावतारी गंजिफ्यात तर प्रश्न थेट आमच्यापाशी येतो. तिथे नववा रंग बहुधा बुद्धाचा असतो. ओडिशाकडे त्या जागी जगन्नाथ येतो. ज्या तथागतांनी राजवाडा सोडला, त्यांना विष्णूचा अवतार ठरवून पत्त्यात पुन्हा राजा केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा हेच नाकारते: बुद्ध विष्णूचा अवतार नाही, तो प्रचार खोटा आहे. हा प्रचार पोथीपुरता नव्हता. तो कीर्तनातून, धयकाल्यातून आणि खेळताना हातात धरलेल्या पत्त्यातूनही घरोघर पोचत होता. पोथी ऐकताना माणूस शंका तरी काढतो. खेळताना तो फक्त डाव मोजतो. दोष रंगवणाऱ्या कारागिराचा नाही. मागणी ठरवणारी व्यवस्था निराळी होती.

स्वातंत्र्यानंतर सावंतवाडीच्या राजघराण्याने ही लोपत चाललेली कला सावरली, हे मान्य केलेच पाहिजे. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांची पाठराखण करणाऱ्या रूडी फॉन लायडन या समीक्षकाने भारतभरचे गंजिफे जमवले, आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. आधुनिक चित्रे पारखणाऱ्या नजरेला हे पत्ते महत्त्वाचे वाटले, यात आम्हाला नवल वाटत नाही.

म्हणून ही कला टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. राजवाड्यात पत्ते पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलांना ते कुणाच्या श्रमाने घडतात, त्यातला गुलाम कोण आणि नववा रंग कुठून आला, हेही सांगितले जावे. आज रंगवणाऱ्याचे नाव प्रत्येक संचावर असावे. ज्याने वर्तुळ काढले त्याचे नाव वर्तुळाशेजारी लिहिणे, इतिहास दुरुस्त करायला एवढ्यापासून सुरुवात करता येईल.