अतिरिक्त सौर विजेची साठवण

अतिरिक्त सौर विजेची साठवण म्हणजे दुपारी गरजेपेक्षा अधिक निर्माण होणारी सौर वीज साठवून मागणीच्या वेळी ग्रिडला पुरवण्याची व्यवस्था होय. ग्रिडमध्ये निर्मिती व मागणी यांचा प्रत्येक क्षणी मेळ राहावा लागतो. तो बिघडल्यास वारंवारता (भारतात ५० हर्ट्झ) ढळते. सौर निर्मिती दुपारी सर्वाधिक असते, संध्याकाळची मागणी मात्र सूर्यास्तानंतरही टिकून राहते. कॅलिफोर्नियातील ग्रिड-संचालकाने २०१३ मध्ये ही तफावत आलेखाद्वारे मांडली. आकारावरून त्यास ‘बदक वक्र’ म्हणतात. पुरेशा साठवणीअभावी दुपारी सौर प्रकल्पांची निर्मिती कमी करावी लागते आणि संध्याकाळचा भार औष्णिक केंद्रांवर पडतो.

लिथियम-आयन बॅटऱ्या तत्काळ प्रतिसाद देतात. मात्र त्या बहुधा काही तासांच्या पुरवठ्यासाठीच उभारल्या जातात व वापरागणिक त्यांची क्षमता घटते. उदंचन जलविद्युत प्रकल्पात अतिरिक्त विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवून गरजेच्या वेळी टर्बाइनवर सोडले जाते. महाराष्ट्रातील घाटघर प्रकल्प (२५० मेगावॅट) या प्रकारचा आहे. या प्रक्रियेत सुमारे २० ते ३० टक्के ऊर्जा खर्ची पडते, तसेच वेगवेगळ्या उंचीवरील दोन जलाशयांसाठी योग्य जागा लागते. पावसाळ्यातील सलग ढगाळ दिवसांत काही तासांची साठवण अपुरी ठरते.