फेरफाराची वही आणि संगणकातलं ठिगळ

नळदुर्ग म्हटलं की बोरी नदीवरचा पाणी महाल डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली बांधलेला तो बंधारा, त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे आणि बंधाऱ्याच्या पोटातली ती कोरडी खोली. पर्यटक तेवढं पाहून परततात. मी आज याच गावाच्या निमित्तानं एका रुक्ष गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती म्हणजे जमिनीचा कागद.

1853 साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिला. नळदुर्गला अधिकारी म्हणून आला मेडोज टेलर, म्हणजे ठगाच्या कबुलीजबाबाची ती गाजलेली कादंबरी लिहिणारा. 1857 पर्यंत तो इथे होता. या भागात जमीनमोजणी उभी करण्याची खटपट त्यानं केली आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिच्याबद्दल लिहिलंही. 1860 मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. साहेब गेला, राज्य बदललं. पण मोजणीनं न सुटणारा एक प्रश्न राहिलाच. मोजणी एकदा होते. जमीन मात्र मरणानं, विक्रीनं, वाटणीनं सतत हात बदलते. मग मूळ कागद खरा राहायचा कसा?

याचं उत्तर म्हणजे गावनमुना सहा, आपली फेरफार नोंदवही. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं तिला आजचं रूप दिलं. मी पोटापाण्यासाठी संगणकाच्या आज्ञावली लिहितो. आणि आमच्या धंद्यात जी पद्धत नवलाईची म्हणून शिकवली जाते, ती या वहीत पाहून मी चकित झालो.

तिचा क्रम पाहा. बदल थेट सातबाऱ्यावर करायचा नाही. तलाठ्यानं आधी वहीत ओळीनं क्रमांक देऊन लिहायचं, काय बदलतंय आणि कशाच्या आधारे. हातानं लिहिण्याच्या काळात सातबाऱ्यावर तोवर फक्त पेन्सिलीची नोंद व्हायची. चावडीवर नोटीस लागायची, संबंधितांना कळवायचं, हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण सहा-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जायचं. नाही आली तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करायचा, आणि मगच पेन्सिलीवर शाई फिरायची. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाचा माग धरून आज्यापर्यंत जाता येतं.

आता संगणकाकडे येऊ. 1974 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत दोन मजकुरांमधला नेमका फरक काढणारी 'डिफ' ही आज्ञावली तयार झाली. 1985 मध्ये लॅरी वॉल यानं 'पॅच' लिहिली. पॅच म्हणजे ठिगळ. सगळी गोधडी न पाठवता फक्त ठिगळ पाठवायचं, ते समोरच्यानं लावून घ्यायचं. लिनक्स या प्रणालीचा गाभा अशाच जगभरातून येणाऱ्या ठिगळांवर वाढला. प्रत्येक ठिगळ त्या त्या विभागाचा जाणकार तपासतो, हरकती घेतो, परत पाठवतो. 2003 मध्ये एका कंपनीनं या मजकुराच्या मालकीवरून दावा ठोकला, तेव्हा कोणती ओळ कुणी दिली हा प्रश्न कोर्टात आला. 2004 पासून ठिगळाखाली देणाऱ्याची आणि पुढे नेणाऱ्यांची नावानिशी ग्वाही लागू लागली. 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यानं या सगळ्याची नोंद ठेवणारी 'गिट' लिहिली. तिच्यात एक आज्ञा आहे: कोणतीही ओळ घ्या, ती कुणी, कोणत्या बदलात लिहिली ते समोर येतं. आपल्या वर्तुळातल्या क्रमांकाचंच काम!

तपासणी नुसती नावाला झाली तर काय होतं, ते मात्र गावात जास्त कळतं. संगणकात चूक राहिली तर पुन्हा ठिगळ लावता येतं. इथे बाप वारल्यावर वारसाची नोंद होते आणि लेकींची नावं येतच नाहीत. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, 2005 मध्ये केंद्राच्या कायद्यानंही दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा असल्याचं सांगितलं. पण नोटीस लागते चावडीवर, आणि लेक नांदते दुसऱ्या तालुक्यात. तिची हरकत येणार कुठून? पंधरा दिवस शांततेत जातात. ज्यांना कळतं त्यांच्यापुढे हक्कसोडपत्र येतं, आणि माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. फेरफारानं मालकी ठरत नाही, असं न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. खरं आहे. पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी मानली जाते, आणि विरुद्ध सिद्ध करायला वकील लागतो, पैसे लागतात, वर्षं लागतात.

सातबारे संगणकावर चढवताना चुका झाल्या, नावं गळली, क्षेत्रं बदलली. तेव्हा 2017 च्या उन्हाळ्यात शासनानं चावडीवाचन करवलं. गावाला जमवून सातबारे मोठ्यानं वाचायचे, चुकलं तर जागच्या जागी सांगायचं. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचे सातबारे घरबसल्या मिळू लागले. त्या सोयीपेक्षा मला ते चावडीवाचन मोलाचं वाटतं. लेखी नोटीस न वाचणाऱ्या म्हातारीलाही स्वतःच्या शेताचा गट नंबर कानानं ओळखता येतो. फक्त त्या दिवशी चावडीवर बायका किती बसल्या होत्या, हेही मोजायला हवं होतं.