मुक्ती सदनातले रोजचे काम

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की मराठी वाचकाला त्यांचे संस्कृत पांडित्य आठवते आणि लगोलग त्यांचे धर्मांतर. केडगावच्या मुक्ती सदनात जे रोजचे काम चाले, ते मात्र समाजसुधारणेच्या खात्यात जमा होते. माग, तेलघाणा, गोठा, छापखाना अशी नावे घ्यायची, कौतुकाचे चार शब्द बोलायचे आणि पुढे सरकायचे, असा शिरस्ताच पडून गेला आहे. त्यामुळे रमाबाईंची श्रद्धा एकीकडे आणि संस्था दुसरीकडे अशी फाळणी होते. ती मला मान्य नाही. ख्रिस्ती माणसाने पवित्र आयुष्य जगायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे रमाबाईंचे उत्तर त्यांच्या पुस्तकांपेक्षाही केडगावच्या दिनक्रमात अधिक स्पष्ट वाचता येते.

या उत्तराची सुरुवात बाप्तिस्म्याच्या पुष्कळ आधी झाली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि हट्टी. बायकोला त्यांनी संस्कृत शिकवले आणि त्यासाठी जातभाईंचा रोष पत्करला. कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थाटन करी आणि देवळांत, घाटांवर पुराण सांगून मिळेल त्यावर राही. १८७०च्या दशकात दुष्काळ पडला. जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतांत गेला, मग किडूकमिडूक विकले गेले आणि शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढायची पाळी आली. तरी मोलमजुरी करावी हे कुणाच्या मनात येईना, आणि पोट भरेल असे कसब तर कुणालाच येत नव्हते. १८७४मध्ये वडील गेले, त्यांच्या पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही. रमाबाईंनी हे सारे पुढे स्वतः लिहून ठेवले. देवांनी हाक ऐकली नाही ही तक्रार त्यात आहे, आणि कुळाच्या अभिमानाने आपले हात बांधले होते ही कबुलीही तितकीच ठळक आहे. स्नान, उपास, पठण म्हणजे पावित्र्य आणि पोटासाठी राबणे म्हणजे कमीपणा, या समजुतीची किंमत त्या घराने तीन माणसे गमावून मोजली होती.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनीसंघात राहिल्या आणि २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथे त्यांच्या मनाची पकड घेतली ती मठातल्या उपासनेपेक्षा लंडनमधल्या फुलहॅमच्या एका घराने. समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी वाँटेजच्या भगिनी ते घर चालवत. अशा बाईला शास्त्रात शिक्षा सांगितलेली रमाबाईंनी वाचली होती. इथे तिच्याच सोबत राहून कुणी तिची सेवा करत होते. असे का करता, हे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. या क्रमाला महत्त्व आहे. आधी त्यांनी काम पाहिले आणि मग त्या कामामागचा ख्रिस्त त्यांना भेटला.

पहिला गंभीर आक्षेप ख्रिस्ती वाचकाकडूनच येईल. कर्माने तारण होत नाही, ते विश्वासाने होते, असे रमाबाई स्वतः ठामपणे सांगत. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१मध्ये, आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने सापडला असेही त्यांनी लिहिले. त्याआधी हाती होता तो नुसता धर्म. मग त्यांच्या मागाला आणि गोठ्याला पावित्र्याचा मान कसा द्यायचा? माझ्या मते याच विश्वासामुळे तो देता येतो. आईवडिलांचे प्रत्येक कृत्य पुण्याच्या हिशेबात मोजले जाई. तारण दान म्हणून मिळालेले असेल तर तो हिशेब संपतो आणि त्याबरोबर उच्च काम, हलके काम ही प्रतवारीही संपते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने संन्याशाच्या व्रताला प्रपंचातल्या कामाहून वरचढ मानायला नकार दिला, तो याच युक्तिवादाने. रमाबाईंनी तो युक्तिवाद जातीच्या मुलखात लावून पाहिला, आणि ते फार अवघड होते.

पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला घेतलेली जमीन मुळात शारदा सदन या रमाबाईंच्या पुण्यातल्या विधवांसाठीच्या शाळेच्या खर्चाची सोय म्हणून घेतली होती, कारण अमेरिकेतल्या मदतीची मुदत दहाच वर्षांची होती. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या आणि शेताचे गावच झाले. १९००च्या सुमारास तिथे दीड हजार माणसे आणि शंभरावर गुरे होती. एवढ्यांचा स्वयंपाक, दळण, धुणे, पाणी, आजाऱ्यांची शुश्रूषा हे सारे तिथल्याच बायका करत. आता नीट पाहिले तर यातले कोणते काम विधवेला नवे होते? सासरी तिने हेच केले होते, पहाटेपासून रात्रीपर्यंत, शिव्या खात आणि तोंड लपवत. केडगावात कामाचे कष्ट कमी झाले नाहीत, पण त्याची प्रतिष्ठा बदलली आणि त्याच्या जोडीला अक्षर आणि कसब आले. छापखान्यात मुली खिळे जुळवत. जोडाक्षरांमुळे मराठीचे खण इंग्रजीहून कितीतरी जास्त. त्यातून एकेक खिळा वेचून ओळ भरायची, तीही उलटी वाचत. काही वर्षांपूर्वी अक्षरओळख नसलेली मुलगी या कामाला बसे. संस्थेत आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन होते, म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी प्रीती सदन आणि फुलहॅमची आठवण देणारे कृपा सदनही.

यात नवे काय, आपल्या संतांनी हेच सांगितले, असे कुणी म्हणेल. सावता माळ्याने मळ्यात, गोरोबांनी चिखलात आणि जनाबाईने जात्यावर देव पाहिला, हे खरेच आहे. पण त्यांचे काम जन्माने वाट्याला आलेले होते. भक्तीने ते उजळले, बदलले नाही. केडगावात ब्राह्मणाच्या मुलीने गोठा सांभाळायचा होता आणि कुणबिणीच्या मुलीने पुस्तक जुळवायचे होते.

सगळ्यांत जड आक्षेप भुकेचा आहे. १८९३मध्ये शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले. मी दार उघडे ठेवते, कुणाला बोलावत नाही, ही रमाबाईंची बाजू होती. गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, तिथेच शिकल्या आणि हिंदूच राहिल्या, हे त्या बाजूला बळ देते. पण दुष्काळातून आणलेल्या लहान मुलीबद्दल हे उत्तर पुरत नाही. जिने जेवू घातले तिचा देव ते लेकरू धरणारच. त्याला मोकळी निवड म्हणता येणार नाही. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: त्या मुलीच्या हाताला कसब मिळाले. शिकलेल्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, कित्येकींनी आपले संसार थाटले. नुसती डोकी मोजणाऱ्याला एवढा खटाटोप लागत नाही.

१९०५च्या जूनमध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी लाट उसळली, तिची नोंद जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात आवर्जून होते. ती लाट खरी होती आणि रमाबाईंनी ती मनापासून स्वीकारली. तरी मुक्तीची कसोटी तिथे लागली असे मला वाटत नाही. ती लागली नंतरच्या शांत, कंटाळवाण्या वर्षांत. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाई साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवत होत्या, आणि मुली ते पान पान जुळवून छापत होत्या. कन्या मनोरमा १९२१मध्ये गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ला. संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुक्ती सदनाचे काम केडगावात आजही चालू आहे.