जेवून राहिला

पोंभुर्ण्याच्या बाजारांत कोणी "तो जेवून राहिला" असें म्हटलें, तर पुण्याकडील पाहुणा समजतो कीं, जेवण आटोपून गृहस्थ मुक्कामास राहिला. वस्तुतः तो अद्याप पानावरच असतो! 'जेवीत आहे' एवढाच तेथें त्याचा अर्थ.

ही हिंदीची नक्कल म्हणून शाळेंत वहीवर तांबडी रेघ ओढली जाते. आम्हांस तो निकाल घाईचा वाटतो. हिंदींत 'खा रहा है' म्हणतांना धातु नुसता येतो. इकडे 'जेवून' हें अस्सल मराठी पूर्वकालवाचक रूप आहे. सांचा मात्र हिंदीचा दिसतो, आणि तो कोठून आला हें इतिहासच सांगतो. चांद्याचें गोंड राज्य 1751 मध्यें नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. तें राज्यहि 1854 मध्यें खालसा झालें. 1861 मध्यें मध्यप्रांत बनला आणि तेव्हांपासून 1956 पर्यंत तेथील मराठी व हिंदी मुलूख एकाच कारभाराखालीं नांदले. कचेरींत, बाजारांत, आगगाडींत दोन्ही भाषा कानीं पडत.

शिवाय 'पाऊस पडत राहिला' म्हणजे थांबला नाहीं. 'पाऊस पडून राहिला' म्हणजे आतां पडत आहे, छत्री घ्या. हा भेद तिकडील लहान मूलहि चुकवीत नाहीं.